पोफळीच्या रोपाची पहिली पाने

हिमालयातील चिराचे बी रुजले म्हणजे कोंबाच्या माथ्यावर बीजदलांचे चक्रच उमलते. मग सुट्या सुया येतात. तीन-तीन सुयांचे जुडगे, जे चिराचे खरे लक्षण, ते मागाहून दिसते. (आपल्या किनाऱ्यावरील सुरू दिसतो तसाच, पण तो त्या कुळातील नव्हे, त्याच्या सुया म्हणजे हिरव्या डहाळ्या होत.) बाळपानाचा व प्रौढ पानाचा हा भेद श्रीवर्धनच्या बागाईतदारास पोफळीतही दिसतो, आणि तेथे तो जाणण्यात त्याचे हित आहे.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने येथील वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. नवी पोफळ धरू लागण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तेव्हा रोप निकस होते हे इतक्या उशिरा कळून उपयोग नाही. पारख रोपवाटिकेतच व्हावी.

बियाणे मध्यम वयाच्या, भरपूर धरणाऱ्या झाडाचे, पूर्ण पिकलेले व वजनदार घ्यावे. पाण्यात टाकता जे फळ देठ वर करून उभे तरंगते, त्याचे रोप जोमदार निघते. फळ न सोलता, देठाची बाजू वर ठेवून वाळूच्या वाफ्यात लावावे. सुमारे दीड महिन्याने कोंब दिसू लागतो. पोफळीचे एकुलते बीजदल बाहेर येतच नाही. ते फळात राहून आतला गर शोषते व कोंबास पोसते. प्रथम एखाददुसरे आवरण, मग दुभंगलेले, माशाच्या शेपटीसारखे पान. पुढील पानांत हळूहळू पाती सुट्या होतात. दोन-तीन पाने होताच रोप पिशवीत हलवावे. वाढीचा डोळा एकच असल्याने तो दुखावल्यास रोप गेलेच.

बारा ते अठरा महिन्यांनी निवड करावी. उंच रोप पाहून भुलणारे पुष्कळ. वस्तुतः ठेंगणे, पानाळ व बुंध्याशी जाड रोप उत्तम. पानांच्या संख्येस ४० ने गुणून त्यातून उंचीचे सेंटिमीटर वजा करावे. ज्याचा आकडा मोठा ते रोप घ्यावे. सहा पानी, ९० सेंटिमीटर रोपाचा आकडा १५० येतो. पाच पानी, १२५ सेंटिमीटर रोपाचा अवघा ७५. पाचांहून कमी पानांचे रोप मुळीच लावू नये.

कोवळी पाने उन्हाने करपतात. म्हणून लागवडीबरोबर केळी लावून सावली करावी.