दाराबाहेर उभे राहणे
वचन: अनुवाद २४:१०-१५, योहान ४:५-९



अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. ती आपण बहुधा वाचून पुढे जातो. मीही कितीतरी वर्षे तेच केले. कोणाला उसने दिले असेल, तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको. बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते परत कर.

पांघरूण परत करण्याचे कारण लगेच पटते, कारण थंडी सगळ्यांनाच वाजते. पण दाराबाहेर उभे का राहायचे? घेणेकरी आत गेला काय आणि बाहेर थांबला काय, कर्ज तेवढेच राहते. तरीही नियमशास्त्राने त्याचे पाऊल उंबरठ्यावर अडवले आहे. कर्जात बुडालेल्या माणसाच्या घरातही कोणाला घ्यायचे आणि आतले काय बाहेर द्यायचे, हे तोच ठरवणार.

हे मला पांघरुणांमुळेच कळले. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी आम्ही रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीवर ब्लँकेटे घेऊन गेलो. रांग लावली, नावे पुकारली, प्रत्येकीच्या हातात ब्लँकेट देऊन फोटो काढला. कार्यक्रम अगदी वेळेत झाला! निघताना एक आजी म्हणाल्या, "ताई, आत या. पाणी तरी घ्या." मी घड्याळ पाहिले. अजून दोन वाड्या बाकी होत्या. "पुढच्या वेळी येते, आजी," म्हणून मी जीपमध्ये बसले. त्या हातात तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

आपल्या गावांत कोणाच्या हातचे पाणी कोण पीत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते. कातकऱ्यांना तर इंग्रजी राजवटीत जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याखाली आणले होते. कायदा गेला, पण संशयाची नजर पुरती गेली नाही. वेळ नाही म्हणून मी पाणी नाकारले, हे माझे कारण. आजींपर्यंत ते कसे पोहोचले असेल?

शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यानंतर मी पुन्हा वाचली. तिला जिवंत पाणी देण्याआधी प्रभु येशू तिच्याकडे पाणी मागतो. तो थकलेला आहे, पोहरा तिच्याकडे आहे. यहूदी माणसाने माझ्याकडे पाणी मागावे, याचेच तिला नवल वाटते. मी मात्र देण्याच्या घाईत होते.

(आज्ञा बाहेर थांबायला सांगते आणि मी आत न गेल्याचे दुःख करते, हे उलटे वाटेल. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: दार कोणाचे?)

पुढच्या पावसाळ्यात आम्ही काहीही न नेता गेलो आणि विचारले. ब्लँकेटे कोणीच मागितली नाहीत. बायका बोलल्या त्या वीटभट्टीच्या उचलीबद्दल. पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा शेठकडून उचल घ्यायची. दिवाळीनंतर नवराबायकोने जोडीने भट्टीवर जायचे. हजार विटांमागे दर ठरलेला, आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब मात्र पावसाच्या तोंडावर, तोही शेठच्याच वहीतून. बहुतेकांची उचल फिटत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, त्या कर्जातून माणसे मोकळी झाली. पण ज्याला वही वाचता येत नाही, त्याला ते कोण सांगणार?

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. आम्ही भट्टीवर असताना पोरे वाडीतच राहून शाळेत जावीत, आणि आमची स्वतःची वही असावी. मुलांच्या जेवणाचे वाडीतल्या दोन आजींनी सांभाळले. तांदूळ आपण दिला, लाकूडफाटा आणि भाजी त्यांनी. वहीत शाळेत जाणारी मुलेच नोंदी करू लागली: उचल किती, विटा किती, खर्ची किती.

सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. एका कुटुंबाने आपली वही पुढे केली, तेव्हा हिशेबात तफावत निघाली. शेठने ती मान्य केली, आणि पुढच्या हंगामात त्यांना काम दिले नाही. त्या घरचा पावसाळा फार कठीण गेला. आम्ही मदत केली. तेव्हा त्या भावाने धान्य उसने म्हणूनच घेतले, आणि ते वहीत लिहायला लावले. मला आधी ते अवघडल्यासारखे झाले. मग अनुवादातले ते दार आठवले, आणि मी गप्प राहिले.

काही देणगीदार बंधुभगिनींनी विचारले आहे की, या अंकात वाडीचे फोटो का नाहीत. त्यांचा प्रश्न रास्त आहे, पैसा कुठे गेला हे त्यांना कळायला हवे. हिशेब कार्यालयात पाहायला ठेवला आहे. वाडीतल्या बायकांना फोटोबद्दल विचारले, तर त्यांनी चेहऱ्यांचा नको म्हटले, वहीच्या पानाचा काढा म्हणाल्या. तो पुढच्या अंकात येईल, नावे झाकून.

आणि हो, आजींकडे पाणी प्यायले. त्यांनी आधी विचारले, "आज वेळ आहे ना?"