मोटारीच्या दिव्याची पिवळी कांच : घरच्या घरीं दुरुस्ती

दिवाळीनंतर वऱ्हाडांत कापसाच्या गाड्यांची रात्रींची वर्दळ वाढते. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्यें 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर पांच दिवसांत घातला गेला. रस्ता सुधारला कीं वेग वाढतो. पण बिनदिव्याची बैलगाडी त्याच वाटेनें जात असते. मोटारीचा दिवा मंद असेल, तर ती दिसेपर्यंत ब्रेक दाबण्यास अंतर उरत नाहीं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननें 2018 सालीं केलेल्या परीक्षेंत खराब झालेल्या दिव्यांच्या खालच्या झोतांत नव्याच्या अवघा 22 टक्के प्रकाश आढळला. म्हणून हा विषय शोभेचा नव्हे, जीविताचा आहे.

ज्यास आपण कांच म्हणतों, तें हल्लींच्या मोटारींत बहुधा पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लास्टिक असतें. सूर्याच्या अतिनील किरणांनीं तें पिवळें पडतें, म्हणून कारखान्यांत त्यावर संरक्षक लेप देतात. आमच्याकडील उन्हांत उभ्या राहणाऱ्या वाहनाचा हा लेप कालांतरानें झिजतो, व खालील प्लास्टिक उघडें पडतें.

प्रथम नखानें टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज आल्यास ती खरी कांच होय. तिला ही कृति लागू नाहीं. धुरकटपणा आंतून असल्यास बाहेरून घासून उपयोग नाहीं. तडे गेले असल्यास दिवाच बदलावा.

कृति अशी : काम सावलींत, थंड वेळीं करावें. कांच साबणाच्या पाण्यानें धुऊन सभोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. 1000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यांत भिजवून एकाच दिशेनें घासावें. आरंभीं पिवळट पाणी निघेल; तें पांढरें होईपर्यंत पाणी घालीत राहावें. नंतर 2000 नंबरच्या पेपरानें आडव्या दिशेनें घासून पहिले ओरखडे घालवावे. कांच आतां पांढुरकी दिसेल. त्यानें घाबरूं नये. धुऊन पूर्ण वाळवावी व आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून घ्यावी. पेट्रोल वा थिनर लावूं नये. त्यानें प्लास्टिकला बारीक चिरा पडतात.

आतां मुख्य गोष्ट. अतिनील किरण रोखणारा पारदर्शक क्लिअर कोट डब्यावरील सूचनेप्रमाणें पातळ असा दोनदा फवारावा. बारीक ओरखडे भरून कांच स्वच्छ दिसूं लागते. फवारणी उघड्या हवेंत, योग्य मास्क लावून करावी. दोन घटक मिसळून करावयाच्या लेपाची वाफ फुप्फुसांस फार अपायकारक असते.

पुष्कळजण टूथपेस्ट चोळून काम संपलें असें मानतात. तिनें तात्पुरती चकाकी येते. परंतु उघड्या प्लास्टिकवर कवच नसल्यानें तें कांहीं महिन्यांतच पुन्हां पिवळें पडतें. पेरणी केली, पण कुंपण घातलें नाहीं, तर पीक कोणाचें होतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

लेप वाळल्यावर रात्रीं भिंतीसमोर वाहन उभें करून दोन्ही झोत सारख्या उंचीवर पडतात कीं नाहीं तें पाहावें. कारण वर उचललेला झोत समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो. हें काम वेचणीपूर्वीं, दसऱ्याच्या सुमारासच उरकावें, अशी आमची आमच्या शेतकरी बंधूंस सूचना आहे. आणि ज्यांच्या घरीं बैलगाडी आहे, त्यांनीं तिच्या मागें लाल परावर्तक पट्टी अवश्य लावावी.