आत कोण आहे, ते आधी सांगा

इमारत कोसळल्यावर किंवा पेटल्यावर रहिवासी स्वयंसेवकाकडे दोर नसला, हेल्मेट नसले, अंगात पहिलवानाची ताकद नसली तरी चालेल. आत कोण आहे हे त्याला माहीत नसेल तर मात्र तो बिनकामाचा, आणि वर धोक्याचाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या विसरवाडीत हे मी इतक्या जणांना तोंडी सांगून झाले आहे, आणि इतक्या जणांनी ते हसण्यावारी नेले आहे, की आता लिहूनच टाकतो. आम्हाला प्रशिक्षण मिळाले नाही असे नाही. ज्यांनी दिले त्यांचे नाव मी घेत नाही. त्यांना नाव छापून यायची फार हौस आहे, हेही त्यामागचे एक कारण. दोरावरून भिंत उतरायचे प्रात्यक्षिक झाले, टाळ्या पडल्या, केशरी जॅकेटे वाटली गेली, बॅनरपुढे फोटो निघाले. या सगळ्या खटाटोपातून यादी एकच तयार झाली, ती म्हणजे प्रमाणपत्रे कोणाकोणाला द्यायची त्यांची. ती नीट वाचली की सगळा प्रकार लख्ख दिसतो. तीत अंथरुणाला खिळलेले म्हातारे नाहीत, कारण ते मैदानावर येऊ शकत नाहीत. बाळंतीण नाही, दिवसा झोपणारा रात्रपाळीचा कामगार नाही, कानाने कमी ऐकणाऱ्या आजी नाहीत. ज्यांना बाहेर काढायचे त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या कागदावर नाही, आणि हे आयोजकांना दाखवले तर उत्तर मिळते की तो आमच्या कार्यक्रमाचा भाग नव्हता. मग कार्यक्रम कशाचा होता?

पहिला आक्षेप नेहमीचा: हे सगळे मुंबईचे दुखणे, इथे कुठे टॉवर आहेत? टॉवर नाहीत हे खरे. पण महामार्गावरच्या गावात खाली दुकान किंवा हॉटेल, वर दोन-तीन मजले खोल्या, मागे एकच अरुंद जिना अशा इमारती असतात, आणि मदत मात्र मुंबईइतकी जवळ नसते. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे, म्हणजे तीनशे किलोमीटरहून लांब. राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याला, आणि मध्ये कोंडाईबारीचा घाट. हा घाट कसा आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे सुरतेकडे निघालेली खासगी बस तिथल्या पुलावरून खाली गेली आणि पाच जण दगावले. आगीचा बंब नगरपालिकेचा, म्हणजे नवापूरहून येणार. तेव्हा पहिला तास-दोन तास शेजारीच शेजाऱ्याला वाचवणार, हे ठरलेलेच आहे. मोठ्या शहरांतही याहून वेगळे घडत नाही. भिवंडीची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे कोसळली, तेव्हा पथके पोहोचण्याआधीच आसपासच्या लोकांनी विसेक जणांना बाहेर काढले होते. शिवाय नंदुरबार जिल्हा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतो, आणि २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून तीनशे किलोमीटरहून लांब असलेल्या सुरतेतही इमारती पडल्या होत्या. इथल्या किती घरांतली माणसे कामासाठी सुरतेला आहेत ते मोजा, म्हणजे हे दुखणे कोणाचे ते कळेल.

शेजारीच धावणार असतील तर त्यांना शिकवलेच पाहिजे, इथवर आयोजकांचे आणि माझे एकमत आहे. काय शिकवायचे, यावर भांडण आहे. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंप झाला. कसलेही शिक्षण नसलेल्या नागरिकांनी ढिगाऱ्यांतून आठशेच्या आसपास माणसे जिवंत काढली, आणि ती काढताना शंभराहून अधिक मदतगार स्वतःच मेले. त्यातून धडा घेऊन लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने रहिवाशांना शिकवायला सुरुवात केली, आणि पुढे तोच कार्यक्रम अमेरिकाभर पसरला. त्यांचा पहिला नियम असा की मदत करणाऱ्याचा जीव आधी. खांब मोडलेल्या, कललेल्या, अर्धवट पडलेल्या इमारतीत रहिवासी स्वयंसेवकाने पाऊल टाकायचे नाही, बाहेर थांबून माहिती गोळा करायची. आपल्याकडे या कार्यक्रमातले हेल्मेट आणि दोर तेवढे उचलले गेले, कारण ते फोटोत दिसतात. बाहेर थांबणारा माणूस फोटोत चांगला दिसत नाही.

बाहेर थांबून तो काय करणार, असे मला खवचटपणे विचारले गेले आहे. याचे उत्तर जपानने दिलेले आहे. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला. गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते आवाजी बेटावरचे होकुदान हे छोटे गाव, अगदी केंद्राशी असलेले. तिथे तीनशेच्या आसपास माणसे पडलेल्या घरांखाली होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत शोध संपला. कुठल्या घरात कोण, कुठल्या खोलीत आणि कुठल्या बाजूला झोपते हे गावातल्या लोकांना माहीत होते, म्हणून त्यांनी सगळा ढिगारा उकरला नाही, नेमकी ती जागा उकरली. त्याच भूकंपात कोबे शहरात शेजाऱ्याचे नाव माहीत नसलेल्या इमारतींमध्ये शोध कितीतरी दिवस चालला. होकुदानच्या लोकांकडे काही अचाट यंत्रे नव्हती.

उलट उदाहरण आपल्या महाडचे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली. पहिल्या काही तासांत दोनशेहून जास्त माणसे अडकल्याचे सांगितले जात होते. पुष्कळ रहिवासी इमारत हलू लागताच बाहेर पळाले होते, पण कोण पळाले आणि कोण राहिले हे एका कागदावर कोणाकडेच नव्हते. नंतर आकडा विसाच्या आसपास आला आणि शेवटी सोळा जण मृत्युमुखी पडले. दोनशे आणि वीस यांतला फरक बातमीपुरता नसतो. दोनशे म्हटले की ढिगाऱ्यावर झुंबड उडते, ज्याला जमेल तो वर चढतो, वजन पडते, खालची पोकळी दबते, आणि त्या पोकळीत श्वास घेत असलेला माणूस आपल्याच मदतीने मरतो. वीस म्हटले, आणि ते वीस कोण हे सांगता आले, की ढिगाऱ्याच्या कुठल्या कोपऱ्याला हात लावायचा हे ठरवता येते. ज्याचा ठावठिकाणा बाहेर लागला त्याच्यासाठी कोणीही आत जायचे नाही. स्वयंसेवकाची सुरक्षितता मी म्हणतो ती ही. जॅकेटाच्या रंगाने ती येत नाही.

विसरवाडीत हा प्रश्न होकुदानहून अवघड आहे, हे मी मान्य करतो. इथे जुन्या पाड्यांवर सगळे सगळ्यांना ओळखतात, पण इमारतींतल्या खोल्यांमध्ये बदलीवर आलेले शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी, बँकेतली मुले, रस्त्याच्या कामावरचे परप्रांतीय राहतात. शनिवार-रविवारी निम्म्या खोल्यांना कुलूप. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाच्या खोलीत एखादी म्हातारी किंवा शाळेतली पोर मागे राहिलेली असते, आणि बाहेरून ते घर रिकामेच वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये सरपणी आणि रंगावली नद्यांना पूर आला, घरे गेली, माणसे गेली. त्या पुराने एवढे तरी शिकवायला हवे होते की पाणी उतरल्यावर पहिला प्रश्न ‘कोण दिसत नाही’ हा असतो, आणि त्याचे उत्तर आठवणीवर सोडता येत नाही. शिकवले नाही. पुढच्या बैठकीत चर्चा झाली ती जॅकेटांच्या मापांची.

म्हणून प्रत्येक इमारतीत कोण कुठे राहते याची यादी हवी, असे माझे म्हणणे. आता त्यावरचा गंभीर आक्षेप. कोण कुठे राहते, कोणत्या खोलीला कधी कुलूप असते हे लिहून ठेवणे म्हणजे चोराला निमंत्रण, आणि एकट्या राहणाऱ्या मुलीची माहिती कोणाच्याही हाती पडणे तर त्याहून वाईट. आयोजकांच्या बाजूने आलेला हा एकमेव आक्षेप मला विचार करण्यासारखा वाटला, तोही त्यांना मी विचारल्यावर सुचला. म्हणून यादीत फोन नंबर, नोकरी, जात, गाव काहीही नको. मजला, खोली, माणसे किती, कोणाला चालता येत नाही, झोपायची जागा कुठली, एवढेच. कागद बंद पाकिटात. दुसरा आक्षेप, यादी शिळी होते. होतेच. विरारच्या रमाबाई अपार्टमेंटमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये इमारतीचा भाग पडला, तेव्हा आत एका मुलीचा पहिला वाढदिवस चालू होता. सतरा जण गेले. वाढदिवसाचे पाहुणे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. म्हणूनच यादी आणि तोंडी चौकशी दोन्ही लागतात: बाहेर आलेल्या प्रत्येकाला थांबवून विचारायचे, तुमच्या घरात आज कोण जास्तीचे होते, शेवटचे कोणाला कुठे पाहिले. जुना कागद असला तर हे विचारायला दहा मिनिटे लागतात, नसला तर रात्र जाते. तिसरा आक्षेप भावनेचा, की पोटचे पोर आत असताना बाहेर थांबा म्हणणारे तुम्ही कोण? त्या बापाला थांबवायची हिंमत माझ्यात नाही. पण त्याच्या मागे आणखी दहा जणांनी जाऊ नये, आणि पोर कुठल्या खोलीत झोपले होते हे त्याच्याकडून कोणीतरी नीट ऐकून घ्यावे, हे प्रशिक्षणाचे काम आहे.

बाकीचे सांगण्यासारखे जे आहे ते सांगतो. घाबरू नका, अफवा पसरवू नका, ११२ आणि १०८ पाठ करा, हे सगळे सांगतातच. जेसीबीबद्दल मात्र कोणी सांगत नाही. आपल्याकडे ढिगारा दिसला की पहिली आरोळी ‘जेसीबी बोलवा’ अशीच असते, आणि महामार्गाच्या कामांमुळे तो लगेच मिळतोही. माणसे आत जिवंत असण्याची शक्यता असेपर्यंत त्याचे बकेट ढिगाऱ्यात घालू देऊ नका. रस्ता मोकळा करायला वापरा. ठरावीक वेळाने सगळ्यांना गप्प करा, इंजिने बंद, मोबाइल बंद, आणि कान देऊन ऐका. गर्दीला गप्प बसवणे दोरावरून उतरण्याहून कठीण आहे, याचा सराव आमच्याकडे झाला नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जिन्याच्या तळाशी आणि खालच्या दुकानात साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू तर करू नकाच, पण बंदही करू नका. खाली हॉटेल असेल तर त्याचे व्यावसायिक सिलिंडर किती आणि कुठे ठेवतात ते यादीतच लिहा. मीटरबोर्ड ओला असेल तर हात लावू नका, महावितरणच्या वायरमनकडून डीपीवरूनच लाइन बंद करून घ्या. जिथे भिंती-खांब शाबूत आहेत अशाच घरात दोघांनी मिळून जा, दारावर खडूने एक तिरपी रेघ मारून, आणि बाहेर येताना दुसरी रेघ मारून फुली पूर्ण करा, म्हणजे तेच घर दुसऱ्यांदा कोणी तपासणार नाही. ज्याचे पाय बराच वेळ तुळईखाली दबले आहेत त्याला घाईने ओढू नका. दाब सुटताच दबलेल्या स्नायूंतले विष रक्तात जाऊन हृदय थांबू शकते, म्हणून ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टर आणा आणि मगच तुळई उचला. आग विझवायच्या लहान नळकांड्यातली पावडर काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात विझली नाही तर दार ओढून घ्या आणि निघा.

स्वयंसेवक निवडतानाही चूक होते. सरकारच्या आपदा मित्र योजनेत अठरा ते चाळीस वयाची धडधाकट माणसे घेतात, आणि जिल्हाभर पुरात धावायला ते योग्यच आहे. इमारतीसाठी तोच निकष लावला की कामावर किंवा सुरतेला असलेली मुले यादीत येतात आणि दुपारी इमारतीत असणाऱ्या बायका सुटतात. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोण माहेरी गेले, कोणत्या आजी जिना उतरत नाहीत हे भांडी घासणाऱ्या मावशींना आणि दूधवाल्याला आयोजकांपेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांना बोलवा, जॅकेट नाही दिले तरी ते रागावणार नाहीत. पाकिटाची एक प्रत समोरच्या किराणा दुकानात, एक पोलीस ठाण्यात. इमारतीच्या आत ठेवलेली प्रत इमारतीबरोबरच जाते. आणि यादी नवी करायची वेळ म्हणजे भाडे घ्यायचा दिवस. खोलीत किती जण झोपतात हे घरमालकाला विचारले की त्याची आठवण नेमकी तेव्हाच जाते, कारण दोघांच्या भाड्यात पाच जण असतात. त्याच्या सहीची वाट पाहू नका, भाडेकरूंनीच लिहून द्यावे.