फुलीचा टाका : सुरुवात कुठून?

प्रश्न (नांदुरा, जि. बुलढाणा) : क्रॉस स्टिच कसे शिकावे?

उत्तर : क्रॉस स्टिच म्हणजे फुलीचा टाका, इरकली लुगड्यांवरच्या कसुती भरतकामात तोच ‘मेंथी’ नावाने येतो. कापड मॅटीचे, म्हणजे घरे मोजता येतील असे घ्यावे. इंचाला 14 घरे असतील तर 24 नंबरची बोथट सुई आणि सहापदरी धाग्यातले दोनच पदर पुरतात. कापड दोनदा दुमडून मध्य काढावा आणि तिथूनच भरायला घ्यावे. गाठ मारू नये. धाग्याचे टोक मागच्या टाक्यांखाली दाबावे. वरचा तिरपा टाका मात्र प्रत्येक फुलीत एकाच दिशेने जायला हवा. दिशा बदलली की धाग्याची चमक तुटते, आणि सुबक नक्षीतही तेवढेच डोळ्यांत खुपते. नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात हात घामेजतात, ते अधूनमधून पुसावेत.