हिवाळी टायरांचा विचार : द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, वखारीतील मालाची राखण अशा विषयांवरील लेख वाचण्याची सभासदांस सवय आहे. बेळगावच्या एका भुसार व्यापाऱ्याने मोटारीच्या टायरांवर, आणि तेही बर्फाच्या मुलखातील टायरांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज आपल्या कित्येक सभासदांची मुले, सुना, जावई आणि नातवंडे कॅनडात, जर्मनीत व अन्य थंड देशांत राहतात. त्यांचे प्रश्न फोनवरून आपल्यापर्यंत येतात आणि वडीलकीच्या नात्याने आपण त्यांची उत्तरे देतो. असेच एक उत्तर मी दिले व ते चुकीचे ठरले. तो प्रसंग सांगितल्यावाचून या विषयाचे महत्त्व ध्यानी येणार नाही.

माझा नातू शिक्षणासाठी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात गेला. तेथे त्याने एक जुनी मोटार घेतली. ऑक्टोबर महिन्यात त्याचा फोन आला, "आजोबा, येथे हिवाळ्यासाठी वेगळे टायर घेतात. चार टायरांचा खर्च बराच आहे. घेऊ का?" मी विचारले, "कायद्याने सक्ती आहे का?" तो म्हणाला, "आमच्या प्रांतात नाही." मी पुन्हा विचारले, "इंजिनाचा जोर कोणत्या चाकांवर येतो?" "पुढच्या दोन." "मग दोनच घे. चार कशाला?" माझ्या व्यापारी बुद्धीस ही काटकसर फार पटली होती.

जानेवारीत एका पुलावरील वळणावर त्याने ब्रेक लावला. पुढची चाके रस्त्याला धरून राहिली, मागची मात्र बर्फावरून सुटली. गाडी गरकन फिरली आणि मागच्या अंगाने कठड्यावर आदळली. नातवाला इजा झाली नाही. परंतु त्या कठड्यापासून चार पावलांवर एक बाई लहान मुलाचा हात धरून उभी होती, हे त्याने पुष्कळ दिवसांनी मला सांगितले. त्या रात्री मला झोप आली नाही. दोन टायरांचे पैसे मी वाचवले होते, आणि ते कोणाच्या जिवावर वाचवले होते याचा हिशेब माझ्या कोणत्याच वहीत नव्हता.

त्यानंतर मी या विषयाची माहिती जमविली. आपल्याकडे कोणत्याही आचाराचा विचार द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार अंगांनी करावा असे सांगितले जाते. त्याच क्रमाने तो येथे मांडतो.

द्रव्य

प्रथम वस्तूचा विचार. टायरचे रबर उष्णतेने मऊ व थंडीने कठीण होते. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत थिजते, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. रबर तसे थिजत नाही, पण त्याचा लवचिकपणा कमी होतो. नेहमीचे, म्हणजे उन्हाळी टायर साधारणतः ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतात, आणि कडक रबर रस्त्याच्या खडबडीतपणात नीट बसत नाही. म्हणून बर्फ पडलेला नसतानाही कडाक्याच्या थंडीत त्यांची पकड कमी होते. ७ हा आकडा काटेकोर सीमा नव्हे, तो व्यवहारापुरता अंदाज आहे.

हिवाळी टायरचे मिश्रण निराळे असते. ते थंडीतही लवचिक राहते. दुसरा भेद खाचांचा. त्याच्या पृष्ठभागावर मोठ्या खाचांखेरीज सुरीने चिरा पाडल्यासारख्या असंख्य बारीक फटी असतात. ताजा बर्फ या खाचांत व फटींत भरतो, आणि बर्फावर बर्फाची पकड चांगली बसत असल्याने गाडी थांबण्यास त्याची मदतच होते. उन्हाळी टायरवर अशा फटी जवळजवळ नसतात. त्यामुळे दबलेल्या बर्फावर उन्हाळी टायरच्या गाडीला थांबण्यास कितीतरी अधिक अंतर लागते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. हा वेग ध्यानात घेतला म्हणजे थोड्या जादा अंतराचाही अर्थ काय होतो ते कळते.

अशा टायरांचा इतिहासही आपल्या धंद्याशी जवळचा आहे. १९३४ साली फिनलंडमधील नोकिया या गावच्या रबर कारखान्याने हिवाळ्यासाठी खास टायर काढला तो मालमोटारींकरिता. खासगी मोटारींचा टायर त्यानंतर, १९३६ मध्ये आला. बर्फातून माल वेळेवर पोहोचविण्याची निकड आधी जाणवली असली पाहिजे.

खरेदी करताना खूण पाहावी. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकणाची आकृती असेल, तर तो टायर बर्फावरील ठरीव परीक्षेस उतरला आहे असे समजावे. नुसती एम आणि एस ही अक्षरे असली तर तेवढी खात्री होत नाही. चिखल व बर्फ या अर्थाची ती अक्षरे छापण्यासाठी अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

क्षेत्र

जो नियम एका मुलखात योग्य तोच सर्वत्र योग्य असे नसते. कॅनडातीलच क्वेबेक प्रांतात २००८ सालापासून हिवाळी टायरांची सक्ती आहे. आरंभी तिची मुदत १५ डिसेंबर ते १५ मार्च होती, २०१९ पासून ती १ डिसेंबरपासून सुरू होते. शेजारच्या ओंटारिओत साधारण मोटारींना सक्ती नाही. मात्र हिवाळी टायर बसविणाऱ्या ग्राहकास विम्याच्या हप्त्यात सूट देणे १ जानेवारी २०१६ पासून तेथील विमा कंपन्यांवर बंधनकारक झाले आहे. मी नातवाला सक्तीबद्दल विचारले, सुटीबद्दल विचारले नाही. कायदा नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ मी काढला. प्रांताची सीमा ओलांडल्याने बर्फाचा स्वभाव बदलत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

जर्मनीत तारखा ठरविलेल्या नाहीत. रस्त्यावर बर्फ, दहिवर वा निसरडा थर असेल तेव्हा हिवाळी टायर हवेच, असा तेथील नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे वर सांगितलेली डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच टायर ग्राह्य धरतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्याची स्थिती हिवाळी असेल तर असे टायर आवश्यक ठरतात. ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही, आणि दक्षिण इंग्लंडच्या सौम्य हिवाळ्यात अनेक लोक त्यांवाचून चालवितात. तेथे राहणाऱ्याने आपल्या गावचे हवामान पाहून ठरवावे.

खिळे बसविलेल्या टायरांची कथाही क्षेत्राचाच धडा देते. ते टायर निखळ गोठलेल्या पाण्यावर उत्तम चालतात, परंतु उघड्या रस्त्यावर डांबर खरवडतात. जपानात त्या धुळीचा नागरिकांस एवढा त्रास झाला की १९९० साली कायदा करून त्यांचा वापर बंद करावा लागला. स्वतःच्या सुरक्षिततेचे साधन दुसऱ्याच्या श्वासास बाधक होऊ नये, हा विचार तेथे झाला.

आपल्या देशात बेळगाव, गोवा, बडोदे, हैदराबाद येथे हिवाळी टायरांचे काहीच प्रयोजन नाही. ग्वाल्हेर येथे थंडीच्या लाटेत रात्री पारा बराच खाली उतरतो, परंतु दिवसा ऊब येते आणि रस्ते गोठत नाहीत. तेथेही हा खर्च व्यर्थ होय. हिमालयाची गोष्ट वेगळी. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे मनालीहून लाहौलमध्ये हिवाळ्यातही जाता येऊ लागले, आणि मैदानी प्रदेशातील पुष्कळ कुटुंबे तेथे स्वतःची गाडी घेऊन जातात. अशांनी बर्फाच्या टप्प्यावर आपले कौशल्य पणाला लावू नये. चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी व तेथील अनुभवी चालक घ्यावा.

काळ

थंडी जाताच हे टायर काढावेत. उष्ण रस्त्यावर त्यांचे मऊ रबर लवकर झिजते, आणि ब्रेक लावल्यावर गाडी उन्हाळी टायरपेक्षा अधिक अंतरावर थांबते. म्हणजे वर्षभर एकच हिवाळी संच ठेवणे हीसुद्धा बचत नव्हे.

दोन संच म्हणजे दुप्पट खर्च, ही माझी समजूत हिशेब मांडल्यावर दूर झाली. समजा, एक संच ६० हजार किलोमीटर चालतो व गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरते. एकच संच असेल तर तो चार वर्षांत संपेल व आठ वर्षांत दोन संच लागतील. दोन संच आलटून पालटून वापरले तर तेच दोन संच मिळून आठ वर्षे पुरतील. जादा खर्च उरतो तो आगाऊ गुंतलेल्या रकमेच्या व्याजाचा, वेगळ्या रिम घेतल्यास त्यांचा, वर्षातून दोनदा अदलाबदल करण्याचा आणि साठवणुकीचा. मात्र रबर न वापरताही जुने होते, म्हणून ज्याची गाडी फार थोडी फिरते त्यास हा लाभ पुरता मिळत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

काळाबरोबर खाचाही झिजतात. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीच्या खाचांचा टायर हिवाळी टायर म्हणून धरीतच नाहीत. तेव्हा जुना संच स्वस्तात मिळतो म्हणून घेताना खाचांची खोली मोजावी. थंडीत हवेचा दाबही उतरतो. तापमान साडेपाच अंशांनी घटले की दाब सुमारे एक पौंडाने कमी होतो. २५ अंशांत भरलेली हवा शून्याखाली १० अंशांत सहा पौंडांच्या आसपास घटलेली आढळेल.

भाव

आता शेवटचे व महत्त्वाचे अंग. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिच्यात प्रमादाला प्रमुख स्थान दिलेले आहे. मारण्याचा हेतू नसला तरी बेसावधपणामुळे जीवघात झाला तर त्याचा दोष लागतो. ईर्यासमिती पाळणारे साधू चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. पावसाळ्यात जीवजंतूंची उत्पत्ती फार होते म्हणून ते चातुर्मासात विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. ऋतू बदलला की चालण्याची रीत बदलावी, हा धडा आपल्या धर्मात पूर्वीपासून आहे. आपण गृहस्थ प्रवास थांबवू शकत नाही. पण हजार-दीड हजार किलो वजनाचे वाहन चालविणाऱ्याने पुढची जमीन पाहावी आणि त्या जमिनीस योग्य असे साधन चाकाला लावावे, ही अपेक्षा काही मोठी नाही.

दोन टायर का पुरत नाहीत, तेही आता स्पष्ट होईल. पुढच्या चाकांना पकड मिळाल्याने गाडी निघते आणि चालकाला धीर येतो. वळणावर किंवा ब्रेक लावल्यावर पकड नसलेली मागची चाके बाजूला सरकतात. चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेल्या गाडीलाही हेच लागू आहे. तो जोर सुटण्यास उपयोगी पडतो, थांबण्यास नाही. आणि उत्तम टायर लावूनही वेग कमी व अंतर जास्त ठेवावेच लागते. विशेषतः पुलावर, कारण खालूनही थंड वारा लागल्याने पुलाचा रस्ता आधी गोठतो, आणि तो पारदर्शक थर डोळ्यांना नुसत्या ओल्या डांबरासारखा भासतो.

यावरून माझे मत असे बनले आहे की, जेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे पारा ७ अंशांखाली राहतो व रस्त्यावर बर्फ येतो, तेथे सक्ती असो वा नसो, चारही चाकांना हिवाळी टायर लावावेत. मुलांनी विचारले तर आपण घरच्या वडीलधाऱ्यांनी हाच सल्ला द्यावा, आणि पैशाची अडचण असेल तर ते पाठवावेत. माझ्या नातवाने राहिलेले दोन टायर त्याच आठवड्यात घेतले. पैसे मी पाठविले.

एक गोष्ट आपल्या घरची. परदेशातील बर्फाचा एवढा विचार केल्यावर मी आमच्या पेढीच्या मालमोटारींकडे पाहिले. चोर्ला घाटातून गोव्याकडे धान्य नेणाऱ्या एका ट्रकचे मागील टायर, ज्यांना आपले चालक 'गोटा' म्हणतात, तसे गुळगुळीत झाले होते, आणि मृग तोंडावर आला होता. खाचा नसल्या की पाण्याला वाट मिळत नाही, चाक पाण्याच्या थरावर तरंगते आणि ब्रेक व्यर्थ जातो. "आणखी एक खेप होईल," असे चालकाला मीच सांगितलेले होते. ते टायर मी बदलले. आता दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस सर्व गाड्यांच्या खाचा मोजून त्याची नोंद वहीत ठेवतो. वखारीवर पावसाळ्याआधी ताडपत्री घालण्यास आपण कधी चुकत नाही. गाडीत बसलेला चालक आणि रस्त्याने जाणारा परका माणूस हे धान्याच्या पोत्याहून मोलाचे आहेत. सभासद बंधूंनी या मे अखेरीस आपापल्या गाड्यांची चाके एकदा स्वतः पाहावीत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र.