आप्तवाक्य आणि ठकवाक्य

न्यायशास्त्राने प्रमाणे चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांपैकी शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आता आप्त कोण? तर जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणतो तशीच सांगतो, तो. आप्त म्हणजे सोयरा-धायरा, असा अर्थ येथे घ्यावयाचा नाही. आपण जन्मात जे काही जाणतो, त्यातले फार थोडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. औषध किती वेळा घ्यायचे, मुक्काम कोणत्या गावी आहे, बँकेत शिल्लक किती, हे सारे कुणाच्या तरी शब्दावरच ना? म्हणून विश्वास ठेवणे हा दोष नव्हे. विश्वासावाचून संसार एक दिवस चालायचा नाही. ठकाला हे पक्के ठाऊक असते. चोर कुलूप फोडतो. ठक आधी आप्ताच्या आसनावर जाऊन बसतो, आणि मग किल्ली आपणच त्याच्या हाती देतो.

पंचतंत्रातली ब्राह्मणाची आणि बोकडाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. खांद्यावर बोकड घेऊन तो निघाला. वाटेत तीन धूर्त वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहिले. एकाने म्हटले, महाराज, कुत्रे कशाला उचलले? तो रागावून पुढे गेला. दुसरा भेटला, तिसरा भेटला. प्रत्येकाने बोकड नव्हे असेच सांगितले. शेवटी ब्राह्मणाने स्वतःच्या हाताने बोकड टाकून दिला. मुले ही गोष्ट ऐकून हसतात. पण त्यातले मर्म पाहा. त्याचे प्रत्यक्ष प्रमाण खांद्यावर होते, वजन लागत होते, तरी तीन ठिकाणांहून आलेला एकच शब्द प्रत्यक्षावर मात करून गेला. तिघे एकमेकांना ओळखत नाहीत असे त्याला वाटले, तेथेच घात झाला. आणि आणखी एक गोष्ट: ब्राह्मण एकटा होता. बरोबर एखादा सोबती असता तर तो म्हणाला असता, 'अहो, हे बोकडच आहे, चला पुढे.'

आता 'डिजिटल अरेस्ट' म्हणून जो प्रकार चालतो, तो याच गोष्टीची नवी आवृत्ती आहे. पहिला धूर्त फोन करतो. तो कुरिअर कंपनीचा किंवा टेलिफोन खात्याचा माणूस असतो. 'तुमच्या आधार क्रमांकावर पार्सल निघाले आहे, त्यात अमली पदार्थ सापडले.' तो लगेच दुसऱ्याकडे फोन जोडून देतो. दुसरा पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओवर दिसतो, पाठीमागे ठाण्याचा देखावा, भिंतीवर राजमुद्रा. तिसरा मोठा अधिकारी, किंवा चक्क न्यायाधीश! न्यायालयाचा शिक्का असलेला कागद फोनवर येतो. मग हुकूम सुटतो की कॅमेरा बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही, घरात कुणाला बोलायचे नाही. शेवटी सांगतात, तपासणीसाठी सगळे पैसे अमक्या सरकारी खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

सज्जनहो, आपल्या देशाच्या कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूदच नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात'मध्ये हेच सांगितले होते, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय स्वतः होऊन हाती घेतला. पोलीस अटक करतात ती समोर येऊन. आणि कोणतेही पोलीस ठाणे तपासणीसाठी तुमच्या ठेवी मागवून घेत नाही. पण या सगळ्याहून सोपी खूण आम्ही सांगतो. 'कुणाला सांगू नका' हे शब्द कानी पडले की समजावे, समोरचा आपला सोबती तोडतो आहे. अशा वेळी फोन ठेवावा आणि शेजारच्या माणसाला मोठ्याने सांगावे. खरा अधिकारी असेल तर त्याने काही बिघडत नाही.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध विणेकरी आहेत. कापूस विकून आलेले पैसे खात्यात होते. दोन दिवस हा सज्जन माणूस फोनपुढे बसून राहिला, जेवला नाही, हरिपाठ चुकवला. पैसे गेले, पण त्याहून वाईट पुढे झाले. लाजेने ते आठ दिवस मुलांना बोलले नाहीत. 'माउली, लोक काय म्हणतील, इतकी वर्षे वीणा धरली आणि एवढी अक्कल नाही?' असे ते आम्हांला म्हणाले. आम्ही म्हटले, बुवा, ज्याने लबाडी केली त्याला लाज नाही आणि तुम्ही का लाजता? पण तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात होऊन निघून गेला होता. अशा प्रसंगी पहिला तास हा पहिल्या दिवसाइतका मोलाचा असतो. 1930 हा सरकारचा क्रमांक आहे. तेथे ताबडतोब कळविले तर पैसा जेथे असेल तेथे अडविण्याचा प्रयत्न होतो. दिंडीप्रमुखांनी हा क्रमांक मुक्कामाच्या ठिकाणी मोठ्या अक्षरांत लावावा, अशी आमची विनंती आहे.

वारीच्या वाटेवरचे प्रकार जुनेच आहेत, तरी दरवर्षी कुणी ना कुणी फसतेच. दोन माणसे मोटारसायकलवरून येतात, साध्या कपड्यांत. 'आजी, आम्ही पोलीस आहोत. पुढे चोरी झाली आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधा.' स्वतःच बांधून देतात, पुडी परत हातात ठेवतात. घरी सोडली की आत खडे! खरा पोलीस दागिने काढायला लावीत नाही, बांधून तर मुळीच देत नाही. दागिने उजळून देणारे दारोदार फिरतात, तेही त्याच जातीचे. त्यांच्या पाण्यात अम्लराज असतो. तो सोने विरघळवतो. पाटली उजळते खरी, पण वजनात घटते, आणि सोने त्यांच्या भांड्यात राहते. खोदताना सापडलेल्या मोहरा स्वस्तात विकणाऱ्याविषयी काय सांगावे? पहिली मोहर खरी देतात, सोनाराकडे तपासूही देतात. पुढच्या शंभर पितळेच्या. गुप्तधन काढून देणारा, पैशांचा पाऊस पाडणारा यांच्यासाठी महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कीर्तन, प्रवचन, भजन आणि यात्रा यांना तो बाधक नाही, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण त्या वेळी पुष्कळांना शंका होती.

तीर्थक्षेत्री उतरण्याच्या खोल्यांचे नवे ठक निघाले आहेत. देवस्थानाच्या नावाचे हुबेहूब संकेतस्थळ उभारतात, भक्तनिवासाची छायाचित्रे लावतात, आगाऊ पैसे घेतात. माणूस पोरांबाळांसह तेथे पोहोचतो तेव्हा नोंदच नसते. चारधाम यात्रा आणि केदारनाथच्या हेलिकॉप्टरच्या नावाने चालणाऱ्या अशा बनावट नोंदणीविषयी केंद्रीय गृहखात्याने एप्रिल 2025 मध्ये सावध केले होते. फोनवर शोधले की जे नाव सर्वांत वर येते तेच खरे, असे नाही. वरची जागा पैसे देऊनही मिळते. देवस्थानाच्या कार्यालयात गावातल्या जाणत्याकडून विचारणा करावी. 'थेट गाभाऱ्यात नेतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देणे तर आमच्या मते फसवणुकीत अर्धा वाटा उचलणेच होय. रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा क्रम आपण विकत घेतो.

मध्यंतरी आम्हांलाच एक फोन आला. आवाज रुबाबदार. 'छावणीतून बोलतो आहे, जवानांसाठी कीर्तन ठेवायचे आहे, बिदागी आगाऊ पाठवतो. एक चौकोनी चित्र पाठवले आहे, ते फोनने टिपा आणि पिन दाबा.' आम्ही म्हटले, साहेब, बिदागी कीर्तन झाल्यावर नारळाबरोबर द्या, आम्ही पदराचे भाडे खर्चून येतो. त्यावर ते साहेब रागावले आणि पुन्हा त्यांचा फोन नाही. वाचकांनी एवढे पाठ करावे: पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन दाबला की पैसा जातो, येत नाही. घरात धान्य येताना कोठाराचे तोंड रस्त्याकडे उघडून कोण बसतो?

तशीच गोष्ट फोनवर येणाऱ्या फायलींची. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड, शेतकरी सन्मान निधीचा हप्ता, लाडक्या बहिणीचे ई-केवायसी, असे काही नाव असते आणि शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती पत्रिका नव्हे, तो एक कार्यक्रम आहे. फोनमध्ये शिरून बँकेचे येणारे संदेश, ओटीपीसुद्धा, तो परस्पर वाचतो. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून उघडू नये. त्याचा फोन आधीच ठकाच्या ताब्यात गेलेला असू शकतो. येथे आप्ताचा शब्द नसतो, केवळ आप्ताचे नाव असते.

आता व्याजाच्या लोभाविषयी. महिना दहा टक्के देतो म्हणणाऱ्याकडे एक लाख ठेवले, तर दहा महिन्यांत लाख परत येतात आणि माणूस गावभर सांगत सुटतो. पण ते त्याचेच पैसे असू शकतात, किंवा मागून आलेल्याचे! धंदा काहीही नसताना नव्याचे घेऊन जुन्याला द्यायचे, ही युक्ती. अमेरिकेत बोस्टन शहरी 1920 साली पॉन्झी नावाच्या गृहस्थाने 45 दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे वचन देऊन ही युक्ती इतकी गाजविली की आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे जमिनीच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या पीएसीएल या कंपनीस सेबीने ऑगस्ट 2014 मध्ये 49,100 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्यात खेड्यापाड्यांतले किती तरी लोक अडकले. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतील. डोंगरावर धुके पाहून धूर समजावा आणि तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, तसे हे. 'शेजाऱ्याला व्याज मिळाले' एवढ्याने 'धंदा खरा' असे सिद्ध होत नाही. व्याज खोट्या धंद्यातही पहिले काही महिने मिळतेच, किंबहुना तेथे अगदी वेळेवर मिळते.

आणि आपल्यातले म्हणून झाकून ठेवणे बरे नाही, म्हणून हेही लिहितो. अन्नदानाचे पावतीपुस्तक घेऊन फिरणारा प्रत्येक जण कुठल्या तरी दिंडीचा असतोच असे नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात तापसाच्या वेषातले हेर सांगितले आहेत. म्हणजे वेष हा साधन म्हणून वापरता येतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीही जाणत होते. गळ्यात माळ, कपाळी बुक्का पाहून नमस्कार जरूर करावा. पण पैसे देताना संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारावा, पावतीवर पत्ता पाहावा आणि त्या दिंडीच्या फडावर चौकशी करावी. विचारले म्हणून खरा वारकरी रागावणार नाही. जो 'माउली, संतांच्या कार्यात संशय घेता?' असे म्हणून उलट आपल्यालाच अपराधी करतो, त्याला तर दुसऱ्यांदा विचारावे.

एक प्रकार राहिला. एकदा फसलेल्या माणसाला महिना-दोन महिन्यांनी फोन येतो की, तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, सोडविण्यासाठी अमुक शुल्क भरा. फसलेल्यांची नावे ठक एकमेकांना विकतात, त्यातूनच हा फोन आलेला असतो. ते शुल्क भरू नये. तक्रारीचा जो क्रमांक आपल्याला 1930 वर किंवा पोलीस ठाण्यात मिळाला असेल, तो घेऊन प्रत्यक्ष ठाण्यात जावे. बरोबर बँकेचे पासबुक, पैसे गेले त्या व्यवहाराचा क्रमांक आणि आलेले संदेश न पुसता ठेवलेला फोन असावा, आणि घरातले एक माणूस सोबत न्यावे.