नव्या रायपुरातील घराच्या नूतनीकरणाविषयी भाच्यास पत्र



नव्या रायपुरात सेक्टर २९मधील गृहनिर्माण मंडळाचे तयार घर घेऊन त्याचे नूतनीकरण करण्याचा चिरंजीव भाच्याचा विचार योग्य आहे. मात्र ठेकेदाराने दाखवलेल्या रंगीत चित्रांवरून खोल्या ठरवण्याची घाई योग्य नाही, कारण त्या चित्रांत नेहमी सकाळचे अकरा वाजलेले असतात, ऋतू कोणताच नसतो आणि खोलीत माणूस नसतो. खोलीचे नियोजन म्हणजे तिला बैठकीची, झोपण्याची किंवा मुलांची असे नाव देणे नव्हे. त्या खोलीत दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोण असते, काय करते आणि त्या वेळी तेथे ऊन, वारा व पाणी कोणत्या बाजूने येते, हे ठरवणे म्हणजे नियोजन. कपाटे, पडदे, रंग व दिवे यांचा विचार त्यानंतरचा असून तो उलट क्रमाने केला की पैसा दोनदा खर्च होतो.

भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावत गेलेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या घरांत हा विचार वेगळा करावाच लागत नसे, कारण ओसरी, माजघर, अंगण व परसू यांची मांडणीच प्रहरांप्रमाणे होती. वैशाखातल्या दुपारी घर माजघरात, म्हणजे बाहेरच्या भिंतींपासून दूर असलेल्या मधल्या अंधाऱ्या खोलीत, सरकत असे आणि रात्री अंगणात किंवा गच्चीवर येत असे. छत्तीसगढी घरातील परछी, म्हणजे अंगणाच्या कडेची छपराखालची मोकळी जागा, हेच काम आजही करते. सेक्टरमधील घराला यांपैकी काहीच नसते. शिवाय वसाहतीत पुष्कळदा एकच नकाशा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर वापरलेला असतो, त्यामुळे जी खोली एका रांगेत पूर्वेला उघडते तीच समोरच्या रांगेत पश्चिमेला उघडते. तेव्हा समोरच्या शेजाऱ्याने केलेली सजावट कितीही देखणी असली तरी तिची नक्कल करण्यात अर्थ नाही.

रायपूर उत्तर अक्षांशाच्या २१ अंशांवर असल्याने मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तो दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर हिवाळ्यातल्या दुपारी खिडकीचा वरचा दोन फूट भाग सावलीत राहतो व खालच्या भागातून ऊन आत येते, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी संपूर्ण खिडकी सावलीत असते. म्हणजे दक्षिणेची खिडकी साध्या छज्ज्याने सांभाळता येते. पश्चिमेचे तसे नाही. तेथे चार वाजताचा तिरपा सूर्य छज्ज्याखालून सरळ आत शिरतो, आणि खिडकीच्या आतल्या बाजूला जाड पडदा लावून उपयोग होत नाही, कारण उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते. अशा खिडकीला बाहेरून बांबूच्या कामट्यांची चीक किंवा उभ्या पट्ट्यांची जाळी लावावी. मोकळ्या माळावर आखून वसवलेल्या नव्या रायपुरात जुन्या वस्तीसारखी शेजारच्या भिंतींची व मोठ्या झाडांची सावली फारशी मिळत नसल्याने ही जाळी हौसेची वस्तू मानू नये.

भिंती व छत उष्णता लगेच आत सोडत नाहीत. ती साठवून काही तासांनी सोडतात. दुपारी तापलेला काँक्रीटचा स्लॅब चार-पाच तासांनी आतल्या बाजूने तापतो आणि नऊ इंची विटांच्या भिंतीला त्याहूनही अधिक वेळ लागतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेल्या पलंगावर झोपणाऱ्याला रात्री दहा वाजता उशाशी चूल पेटल्यासारखे वाटते. त्या भिंतीला पलंग न लावता कपड्यांची कपाटे लावावीत आणि कपाटाची पाठ व भिंत यांत दोन इंचांची फट सोडावी; फटीतील हवा उष्णता अडवते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल लाकडाला लागत नाही. चिरंजीवाच्या आईची, म्हणजे ताईंची, खोली वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली ठेवण्याचा बेत सूनबाईंनी कळवला आहे, तो मात्र सोडावा; त्यांची खोली तळमजल्यावर, पूर्वेच्या बाजूला असावी, तिच्या दाराची रुंदी ९० सेंटीमीटर असावी व न्हाणीघराच्या दारात उंबरठा नसावा.

नव्या रायपूरच्या घरात कूलर अपरिहार्य आहे आणि त्याची जागा फर्निचरच्या आधी ठरवावी लागते. कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने, म्हणून मे महिन्यातल्या कोरड्या हवेत बाहेर ४३ अंश असता खोली ३० अंशांच्याही खाली येऊ शकते; परंतु आत आलेली ओलसर हवा समोरच्या बाजूने बाहेर गेली नाही तर थोड्याच वेळात खोली चिकट होते. म्हणून ज्या खिडकीला कूलर लावायचा तिच्या समोरच्या भिंतीत उघडी राहील अशी खिडकी किंवा झरोका हवा, आणि त्या झरोक्यापुढे छतापर्यंतचे कपाट उभे करू नये. रायपुरातील अनेक नटवलेल्या घरांत नेमके तेच केलेले दिसते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कूलरचा उपयोग उरत नाही, त्यामुळे एका खोलीत वातानुकूलनाची सोय ठेवून तिच्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार पुट्टी व रंगाच्या आधीच भिंतीत टाकून घ्यावी.

घराला हात लावण्यापूर्वी भिंतींच्या भेगा पाहाव्यात, आणि या बाबतीत ठेकेदाराच्या शब्दावर विसंबू नये. भेगांचे कारण पुष्कळदा घराखालच्या जमिनीत असते; छत्तीसगडच्या मैदानात शेतकरी जमिनीचे जे प्रकार मानतात त्यांत भाटा म्हणजे मुरमाड लाल जमीन, मटासी म्हणजे पिवळसर हलकी जमीन, डोरसा म्हणजे मिश्र आणि कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन होय. कन्हार पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि तिच्यावर उथळ पायाचे घर असले तर जमिनीबरोबर भिंतीही हलतात. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगा ही त्याची खूण असते. अशी भेग जिवंत आहे की जुनी, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहावी; उन्हाळा सरून पावसाळा उलटेपर्यंत काच अखंड राहिली तर भेग भरून रंग द्यावा, आणि काच तडकली तर पुट्टीवर एक पैसाही न घालता रचना-अभियंत्याला बोलवावे. कन्हारावरील घराच्या भोवती फरसबंदीचा उतार बाहेरच्या बाजूला काढावा आणि जोत्याला लागून हिरवळीला पाणी पाजण्याची हौस करू नये.

खोल्या मोठ्या करण्यासाठी भिंत पाडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ज्या घराचा भार खांब व तुळयांवर आहे तेथे मधली विटांची भिंत काढता येते. ज्या घराच्या भिंतीच भार वाहतात तेथे ती काढणे म्हणजे वरचा मजला अधांतरी ठेवणे होय, आणि साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींच्या इमारतीत तर वायरिंगसाठी खाच पाडणेही धोक्याचे असते. न्हाणीघर व संडास यांची जागा शक्यतो हलवू नये. मैला वाहून नेणारा नळ १०० मिलिमीटर व्यासाचा असतो व त्याला सतत उतार लागतो, म्हणून जागा जितकी दूर सरकवावी तितकी जमीन उचलावी लागते, भराव वाढतो व पुढे गळती नेमकी कोठे आहे ते सापडत नाही. वास्तुशास्त्राच्या नावाने ईशान्य मोकळी करण्यासाठी ताईंनी आग्रह धरला, तर तेथे देव्हारा मांडून त्यांचे समाधान करावे. नळ हलवू नये. न्हाणीघराची नवी फरशी बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर दोन दिवस पाणी तुंबवून खालचे छत तपासावे, कारण ही परीक्षा फरशी बसल्यानंतर घेण्याला काही अर्थ राहत नाही.

एवढे झाल्यावर फर्निचर, तेही आधी कागदावर. खोलीचा नकाशा १:५० या प्रमाणात, म्हणजे प्रत्यक्षातील एक मीटर कागदावर दोन सेंटीमीटर धरून, काढावा आणि त्याच प्रमाणात पलंग, कपाट, टेबल यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर सरकवून पाहावेत. उदाहरणार्थ, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग बारा फुटी भिंतीला डोके करून ठेवला तर पायथ्याशी साडेतीन फूट उरतात. तेथे दोन फूट खोलीचे कपाट उभे केले की दीड फुटाची गल्ली राहते, आणि तेवढ्यात कपाटाचे दार उघडून समोर उभे राहता येत नाही. तेच कपाट बाजूच्या दहा फुटी भिंतीला नेले, तर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला दीड फूट आणि पलंग व कपाट यांच्यामध्ये अडीच फूट मिळतात व पायथ्याचे साडेतीन फूट मोकळे राहतात. सामान तेच असते. केवळ त्याची जागा बदलल्याने खोली वापरण्याजोगी होते. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीसाठी ९.५ चौरस मीटर क्षेत्र व २.४ मीटर रुंदी हे किमान माप सांगितले आहे, आणि उंची किमान २.७५ मीटर. स्लॅब त्या उंचीच्या आसपास असताना खाली फॉल्स सीलिंग लटकवणे म्हणजे पंख्याचा वारा कोंडणे आणि छताची गळती लपवणे, यापलीकडे त्यात काही नाही.

स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची दुकानदाराच्या ठरीव मापाने घेऊ नये. उभे राहून काम करणाऱ्याच्या कोपरापासून दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली ओटा असावा, हे माप बहुतेक कामांना मानवते. पोळ्या लाटण्यासाठी मात्र वरून जोर द्यावा लागत असल्याने ओट्याचा एक तुकडा आणखी दोन इंच खाली घ्यावा. ओटा कोणाच्या उंचीचा, हा प्रश्न चिरंजीव व सूनबाई यांनी रोज प्रत्यक्ष स्वयंपाक कोण करते ते प्रामाणिकपणे पाहून सोडवावा. सिंकखालच्या कपाटाला मात्र साधा प्लाय वापरू नये, मग किंमत काहीही पडो. तेथे आयएस ७१० या मानकाचा, म्हणजे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर न सुटणारा प्लाय घ्यावा, किंवा दगडी कप्पे करावेत. सुतारकाम ऐन पावसात करून घेऊ नये. दमट हवेत फुगलेल्या लाकडाची दारे त्या वेळी चोख बसवली की हिवाळ्यात ती सैल होतात.

सजावटीसाठी दूरच्या शहरांतील मासिके चाळण्याआधी सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांचे काम पाहावे. पतीने बांधलेल्या घरात अनेक वर्षे एकान्तात राहावे लागलेल्या या बाईंनी मुलाला खेळणी हवीत म्हणून मातीच्या आकृत्या केल्या, आणि घरात उजेड यावा पण ऊन येऊ नये म्हणून बांबूच्या पट्ट्यांची वर्तुळे एकमेकांना बांधून, त्यांवर माती लिंपून जाळ्या उभ्या केल्या. त्या जाळ्यांवर पक्षी, माकडे व माणसे बसवली, रंगही घरातल्या व रानातल्या वस्तूंपासून काढले. भोपाळच्या भारत भवनाच्या शोधपथकाने हे घर पाहिल्यानंतर ते जगापुढे आले, १९८३ साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि रजवार भित्तिकला म्हणून ही रीत आज ओळखली जाते. या कामाची थोरवी त्याच्या देखणेपणाइतकीच त्याच्या जागेच्या निवडीत आहे, कारण जाळी जेथे ऊन अडवायचे आणि हवा खेळवायची तेथेच उभी आहे. नव्या रायपुरातील पुरखौती मुक्तांगणात छत्तीसगडच्या लोककला मांडलेल्या आहेत. सुतार ठरवण्यापूर्वी सूनबाईंसह तेथे एक सकाळ घालवावी. कोंडागावची लोखंडी दीपदाने, घडवा कारागिरांच्या धातूच्या ओतकामातील मूर्ती किंवा चांप्याचे कोसा रेशमाचे कापड यांपैकी जे घ्यायचे ते एखाद-दुसरेच घ्यावे. सगळे एकत्र मांडले तर बैठकीची खोली हस्तकला-भांडार दिसू लागते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील जुन्या घरातले सागवानी कपाट व ताईंचा दिवाण विकून टाकण्याचे जे बोलणे चालले आहे, ते तूर्त थांबवावे. त्या दोन्ही वस्तूंची मापे नव्या घराच्या जिन्याच्या वळणाशी व दाराशी ताडून पाहावीत, आणि त्या बसत असतील तर बैठकीच्या खोलीत नवे काही घेण्यापूर्वी सहा महिने त्यांवरच काम चालवावे. राहू लागल्यावर कोणत्या कोपऱ्यात माणसे आपोआप बसतात ते दिसते व खरेदी निम्म्यावर येते.

ठेकेदाराशी करार करण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा नकाशा, दिशा व खिडक्यांची मापे दाखवून, इकडे पाठवावा. त्यावर प्रत्येक बोर्डाची व नळाची जागा खूण करून लिहावी आणि भिंत बंद होण्याआधी वायरिंग व नळांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढे कोठे खिळा ठोकावा याची विचारणा मिस्त्रीकडे करावी लागणार नाही.